कपाटामागचा तालुका

मला बघायला निलंग्याकडचे पाहुणे आले होते तेव्हाची गोष्ट. कार्यक्रम लातूरला आमच्या घरी न होता माझ्या नोकरीच्या गावी ठरला, कारण मला बँकेत रजा मिळत नव्हती आणि पाहुण्यांना त्याच बाजूला एका लग्नाला जायचं होतं. आई-बाबा सकाळच्या एस.टी.नं आले. माझी वरची एकच खोली. म्हणून घरमालक अप्पांनी खालची ओसरी दिली, सतरंजी दिली, खुर्च्या दिल्या, आणि कुणी न बोलावता स्वतःही येऊन बसले. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील खिशातून पत्रिकेचा कागद काढत होते, तेवढ्यात अप्पांनी टीपॉयवर नखानं दोनदा टकटक केलं आणि खड्या आवाजात विचारलं,

"गण कोणता?"

मुलाचे वडील खूश झाले. "देवगण," ते म्हणाले. "मुलाचा देवगण. तुमच्या मुलीचा?"

"तो न्हवं हो," अप्पा म्हणाले. "पंचायत समितीचा."

मुलाच्या वडिलांनी मुलाकडे बघितलं, मुलानं पोह्यांच्या बशीकडे बघितलं. "ते... बघावं लागंल," वडील म्हणाले.

अप्पा माझ्या बाबांकडे वळले. "पाव्हणे सज्जन हायेत. पण आपलं मत कुठं पडतं ते मालूम न्हाई."

पाहुणे गेल्यावर आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या मालकाला डोक्याचा काही त्रास आहे का? तरी ते स्थळ जुळलं. लग्नात माझे सासरे गर्दीतून वाट काढत अप्पांपाशी आले आणि नमस्काराच्या आधी आपल्या गणाचं नाव सांगून मोकळे झाले.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही गावं मिळून पंचायत समितीचा एक गण होतो, आणि तो गण तालुक्याला एक मेंबर पाठवतो. कोणतं गाव कोणत्या गणात, हे सरकार अधूनमधून नव्यानं ठरवतं. त्याचा कच्चा नकाशा लोकांना बघता यावा म्हणून भिंतीवर लावतात आणि हरकती मागवतात. मी बँकेत नोकरी करणारी, शिकलेली. पण हे सगळं मला अप्पांच्या ओसरीत कळलं.

गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्याचं गाव आहे. एक बस कंधारकडे जाते, दुसरी देगलूरकडे, आणि या गोष्टीतलं कुणीही उद्या माझ्या दारात येऊन उभं राहू शकतं.

अप्पांचा धंदा मंडपाचा. मंडप, खुर्च्या, भांडी, लाऊडस्पीकर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, खांद्यावर पंचा. सगळी उमर माइक तपासण्यात गेल्यामुळे बोलण्याआधी समोर असेल त्या वस्तूवर दोन टिचक्या मारायची सवय लागलेली. टेबलावर मारत, फोनवर मारत, एकदा तर डॉक्टरांच्या टेबलावर मारून मग "पोट दुखून राहिलं" म्हणाले. आणि आवाज असा की जणू माइक नेहमीच बंद पडलेला आहे.

त्यांच्या घराच्या बाहेरच्या दारावर एक पत्र्याची पाटी होती. तिच्यावर ते घरातलं सगळं "प्रसिद्ध" करायचे. लाइट बिल, स्वतःचा शुगरचा रिपोर्ट, नातवाच्या चाचणीचे मार्क. मी राहायला गेले त्या आठवड्यात पाटीवर कागद होता: "वरील खोलीत उंदीर आढळल्याची भाडेकरू यांची तक्रार आहे. मांजर पाळण्याचा विचार आहे. हरकती व सूचना सोमवारपर्यंत." गल्लीतल्या तिघांनी खरोखर हरकत घेतली. मांजर आलं नाही. शेवटी पिंजरा लावला.

त्यांची बायको, अव्वा, बिदरकडची. मराठी उत्तम बोलायची, पण संताप आला की कानडी. अप्पांचं बोलणं फार लांबलं की "साकु!" म्हणून, म्हणजे पुरे म्हणून, हात वर करायची, आणि अप्पा खरंच थांबायचे. त्यांना थांबवणारं दुसरं काही त्या तालुक्यात नव्हतं.

रोज सकाळी पूजा उरकली की अप्पा कचेऱ्यांकडे निघत. काम काहीच नसे. लोक देवदर्शनाला जातात तसे ते नोटीस बोर्ड बघायला जात. आधी नगरपालिका, मग तहसील, मग पंचायत समिती. बोर्डाची काच पंचानं पुसायची, चष्मा चढवायचा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचं. कामासाठी आलेली माणसं मागं थांबून ऐकायची. कधी कुणी म्हणायचं, "अप्पा, ते इहिरीचं परत वाचा," आणि अप्पा परत वाचायचे. एखादा कारकून वैतागून म्हणालाच, "मनातल्या मनात वाचा की," तर म्हणायचे, "मनात वाचायला हा माझा घरचा कागद हाय का? हा भिंतीचा कागद हाय."

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी स्वतःच एकदा सांगितलं. मी आणि अव्वा शेंगा फोडत बसलो होतो.

"एकदा मी उभा होतो, बाई," अप्पा म्हणाले. "पंचायत समितीला. तवा इथं नगरपालिका न्हवती. अपक्ष. चिन्ह छत्री."

अव्वानं लगेच तोंडाला पदर लावला. हसू आवरेना तिला.

"हसू नको. प्रचाराला मी सगळ्यात आधी गेलो वाडीला. ओढ्याच्या पलीकडची वाडी हाय बगा, ती. पहिल्यापासून आमच्याच गणात होती. काय लोकं! म्होरं येऊन ओवाळलं. ज्वारीची भाकर, तूप, वर दूध. म्हणले, अप्पा, वाडीचं एक मत फुटणार न्हाई. मी तिथंच मुक्काम ठोकला की! दुसऱ्या गावांकडं लक्षच दिलं न्हाई."

"मग?"

"मग काय. मतदानाच्या दिवशी वाडीची मान्सं रांगेत उभी. आत जाऊन बघत्यात तर मशीनवर छत्रीच न्हाई. वाडी त्या साली दुसऱ्या गणात टाकलेली. मला पत्ता न्हाई, त्यांनाबी पत्ता न्हाई. एक म्हातारी बाहेर येऊन पोलिसालाच धरून बसली. म्हणे, अप्पाची छत्री कोण पळवली, आधी सांग."

आता मीही हसत होते. अप्पाही हसले, पण लवकर थांबले.

"कागद लागला होता, बाई. तहसीलला. सगळं रीतसर. मीच वाचला न्हवता."

ती वाडी नकाशात जिथं पडली तिथंच पुढं अडकली. तिची शाळा, दवाखाना, बाजार, सगळं ओढ्याच्या अलीकडच्या गावात. मधे पूल नाही. पावसाळ्यात ओढा भरला की पोरं घरी, आजारी माणूस घरी. अलीकडच्या गणाचा मेंबर म्हणायचा, वाडी माझ्याकडं नाही. पलीकडचा म्हणायचा, ओढा माझ्याकडं नाही. त्याचं गाव डोंगराच्या पलीकडं. तो वाडीत निवडणुकीपुरताच यायचा. पूल कुणाचा, हेच ठरत नव्हतं.

मी त्या गावात असतानाच नवी रचना निघाली. अप्पांना कुणीतरी सांगितलं की नकाशा यंदा वेबसाइटवर टाकलाय, घरबसल्या बघा. ते माझ्याकडे आले. मी फाइल उघडली. कागद आडवा ठेवून स्कॅन केलेला, गावांची नावं मुंग्यांएवढी, आणि मोठं करायला गेलं की सगळं धूसर. अप्पांनी फोन हातात घेऊन सरळ करायला फिरवला, तर नकाशाही त्याच्याबरोबर फिरला. त्यांनी पुन्हा फिरवला. तो पुन्हा फिरला.

"हे मला दाखवून राहिलेत का चुकवून राहिलेत?" ते म्हणाले आणि चप्पल घालून तहसीलला गेले.

शनिवार होता, बँकेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. नकाशा खरोखर लावलेला होता. मीटिंगच्या हॉलमध्ये, भिंतीवर, चांगला मोठा. फक्त भिंतीपुढं एक लोखंडी कपाट होतं, आणि नकाशा लांब असल्यामुळे त्याचा खालचा भाग कपाटामागं गेला होता. वाडी त्यातच. अप्पांनी कपाटाच्या फटीत डोकं घालायचा प्रयत्न केला. मग माझ्या मोबाइलची बॅटरी आत धरून बघितली. कोळिष्टकं दिसली.

"हे जरा सरकवा," ते कारकुनाला म्हणाले.

"न्हाई सरकत, अप्पा. आत जुनं रेकॉर्ड हाय. दहा माणसं लागतील."

"हाव? बरं."

सोमवारी दुपारी बँकेच्या खिडकीवर एक जण म्हणाला, तहसीलच्या आवारात कुणीतरी उपोषणाला बसलंय, लई मोठा मंडप पडलाय. मॅनेजरसाहेबांना विचारून धावत गेले. आवारात अप्पांचा मंडप. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, लग्नाचा. खाली खुर्च्यांच्या रांगा, पाण्याचा जार. खुर्च्यांवर वाडीची माणसं, बाजूच्या तीन-चार गावांची माणसं, आणि काही जण नुसती सावली बघून बसलेली. एका कोपऱ्यात दोन पोलीस. आणि नायब तहसीलदार घामाघूम होऊन अप्पांना विचारत होते, "धरणं आहे का उपोषण? परवानगी कुठंय?"

"आंदोलन न्हाई, साहेब. लोकं नकाशा बघायला आलेत. तुमच्या हॉलमधी जागा न्हाई, उन्हात कशाला उभी करायची? नंबरानं आत सोडू."

"पण मागणी काय आहे तुमची?"

"कपाट दोन हात सरकवा."

तेवढ्यात तहसीलदार मॅडम बाहेर आल्या. नव्यानं बदलून आलेल्या, वयानं लहान. त्यांनी मंडप बघितला, खुर्च्या बघितल्या, मग नायबांना विचारलं, "कोणतं कपाट?" त्यांना हॉलमध्ये नेऊन दाखवलं. त्या बराच वेळ त्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, हे माझ्याच सहीनं लागलंय. मी अर्धंच बघितलं का?"

नायबांनी रुमालानं घाम पुसला.

"सरकवा," मॅडम म्हणाल्या.

"मान्सं हायेत माझ्याकडं," अप्पा म्हणाले आणि मागं बघून त्यांनी टाळी वाजवली. स्टेज उचलणारी त्यांची पोरं आत आली, चौघांनी खालून हात घातले, आणि दहा माणसांचं कपाट एका दमात बाजूला झालं. मॅडमना हसू आलं. अप्पा हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसून नकाशाची धूळ पंचानं पुसत होते.

वाडीच्या सरपंचबाई पुढं आल्या. उंच, सडपातळ बाई, जाड भिंगांचा चष्मा. अप्पांनी बोट ठेवलं तिथं त्या वाकल्या. वाडी होती. तिच्याभोवती जाड रेघ होती, आणि त्या रेघेनं वाडीला पुन्हा डोंगरापलीकडच्या गणात टाकलं होतं.

"म्हंजी आणखी पाच वर्सं," सरपंचबाई म्हणाल्या. "पुलाचं कुनाला इचारायचं, तेच न्हाई."

"हरकत घ्या," अप्पा म्हणाले. "म्हणून तर लावलाय हा कागद."

"आमी हरकत घ्यावी, आन् उद्या दोनीकडचे पुढारी आमाला वाळीत टाकतील. एकाची मतं जातील, दुसऱ्याच्या गळ्यात पूल पडंल. अप्पा, तुमचं ठीक हाय. तुमी गावातले."

अप्पांनी भिंतीवर दोन टिचक्या मारल्या. "खाली माझीबी सही घ्या."

संध्याकाळपर्यंत माणसं नंबरानं आत जाऊन नकाशा बघून आली. वाचता न येणाऱ्यांना अप्पा वाचून दाखवत होते. हरकत सरपंचबाईंच्या नावानं गेली. खाली वाडीतल्या माणसांच्या सह्या आणि अंगठे, आणि सगळ्यांत शेवटी अप्पांची सही.

सहीची बातमी दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना पोचायला वेळ लागला नाही. एकाचा माणूस ओसरीवर येऊन, चहा पिऊन, जाता जाता म्हणाला, "भाऊ म्हणले, अप्पाला म्हणावं, तुमचा मंडप मोठा हाय, ओढ्यात कशाला पाय घालता." दुसऱ्या बाजूनं नुसता फोन आला. निवडणुकीच्या सभांसाठी आधीच सांगून ठेवलेले मंडप दोन्हीकडून रद्द झाले.

धंदा आता थोरला मुलगा बघत होता. तो कधी बापापुढं बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला. "सीझन हाय हा, अप्पा! सगळा माल घासूनपुसून ठेवला, कनाती नव्या शिवल्या. पोरं कामाला लावली. आता ह्यांना काय सांगू? नकाशा बघा म्हणून?"

दुसऱ्या सकाळी पाटीवर कागद होता: "चालू हंगामात आमचे मंडप रिकामे राहण्याचा संभव आहे. हरकती व सूचना."

अव्वानं तो कागद फाडला नाही. ती ओसरीत येऊन बसली आणि म्हणाली, "माझी हरकत हाय."

"नोंदवून घेतली," अप्पा म्हणाले.

"नुसती नोंदवू नका. सुनावणी द्या. ही बाई साहेब." ती म्हणजे मी. मला टीपॉयमागं बसवलं. मुलगा खांबाला टेकून उभा राहिला. मला वाटलं गंमत चालली आहे, पण अव्वाच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

"पोरानं वर्सभर राबून धंदा उभा केला," ती म्हणाली. "तुमी एका सहीनं बसवला. आन् कुनासाठी? ज्या वाडीनं तुमाला एक मत दिलं न्हाई, तिच्यासाठी?"

अप्पांनी खाली बघितलं. या वेळी त्यांनी कशावरही टिचकी मारली नाही. हळू आवाजात बोललेले अप्पा मी पहिल्यांदाच ऐकले.

"त्यांना देता आलं न्हाई, गं. द्यायला आले होते. रांगेत उभे होते सगळे."

अव्वानं मुलाकडे बघितलं. मुलगा खांब सोडून आत निघून गेला. मग अव्वा उठली आणि म्हणाली, "जावा मग. गोळी घेऊन जावा, बी.पी.ची."

जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी होती त्या सकाळी दारात टेम्पो उभा. चालवायला मुलगा. मागं खुर्च्यांच्या जागी वाडीची माणसं बसलेली, पुढं सरपंचबाई. मुलगा अप्पांना म्हणाला, "बसा. रिकामाच हाय नाहीतरी." मी रजा टाकून गेले होते, कारण अव्वानं गोळ्या माझ्या हातात दिल्या होत्या.

मोठ्या साहेबांपुढं अप्पांना बोलायचं होतं, पण साहेब म्हणाले, हरकत ज्यांची त्यांनी बोलावं. अप्पांना तोंड मिटून बसलेलं बघणं अवघड होतं. सरपंचबाई उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलावरच्या नकाशाकडे बोट केलं.

"साहेब, ह्याच्यात ओढा निळ्या रेघेनं काढलाय. बारीक हाय रेघ. पाऊस झाला की ती आमच्या गळ्यापतुर येती."

साहेबांनी वर बघितलं. "ज्या गणात सध्या आहात, तिथं जायला रस्ता कसा?"

"रस्ता न्हाई. डोंगराला वळसा घालून, तालुक्यावरून. अलीकडचं गाव मात्र हाक मारली की ऐकू येतं. दोनीकडं एकच मेंबर झाला तर पूल कुनाचा, येवढं तरी ठरंल."

साहेबांनी काही लिहून घेतलं आणि पुढच्या हरकतीचं नाव पुकारलं. एवढंच. परतताना अर्ध्या वाटेवर अप्पांनी माझ्याकडून गोळी मागून घेतली आणि म्हणाले, "मी येवढं चांगलं बोललो नसतो."

अंतिम रचना लागली तेव्हा वाडी अलीकडच्या गणात आली होती. नोटीस बोर्डापुढं अप्पांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना आवाज बसला आणि उरलेलं कारकुनानं वाचून दाखवलं.

मंडप मात्र रिकामेच राहिले. प्रचार सुरू झाला, गावोगाव सभा झाल्या, दुसऱ्यांच्या कनाती लागल्या. मुलगा दुकानात बसून दोरखंडांची गुंडाळी उलगडायचा आणि पुन्हा गुंडाळायचा. मग एक दिवस सरपंचबाई आल्या. म्हणाल्या, उभे राहिलेल्या सगळ्यांना वाडीनं बोलावलंय, एकाच दिवशी, एकाच ठिकाणी. मंडप पाहिजे.

"कुठं टाकू?" मुलानं विचारलं. "वाडीत सपाट जागा कुठंय?"

"ओढ्यात," बाई म्हणाल्या.

थंडीचे दिवस. ओढ्याला एका कडेनं पाण्याची ओघळ, बाकी वाळू आणि गोटे. अप्पांनी आणि मुलानं मिळून तिथं मंडप उभा केला. वाळूत खांब ठरेनात, तेव्हा वाडीच्या बायकांनी घमेल्यांनी दगड आणून प्रत्येक खांबाच्या बुडाशी रचले. उमेदवारांना काठावर गाड्या सोडून खाली उतरावं लागलं. पांढऱ्या कपड्यातले, तालेवार, हात धरून धरून उतरले. एकाचा बूट ओघळीतल्या चिखलात रुतला, तो हातात घेऊन तसाच स्टेजवर चढला. पहिला बोलायला उभा राहिला, त्यानं दोन्ही काठांकडे मान वर करून बघितलं आणि भाषण विसरला. सरपंचबाईंनी कुणाला काही विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. प्रत्येक जण पुलाबद्दलच बोलला, कारण दुसरं काही बोलण्यासारखं तिथं नव्हतं. अप्पा सगळा वेळ मागं, एका खांबाला पाठ लावून, तो हलू नये म्हणून उभे होते.

निवडून कोण आलं ते सांगत नाही. जो आला त्याच्यामागं वाडी लागली, आणि पुलाच्या कामाला लागायचा तेवढा वेळ लागला. तोवर माझी लातूरला बदली झाली. सासरे अजून अप्पांची खुशाली विचारतात.

यंदा श्रावणात अव्वाचा फोन आला. मला वाटलं, तब्येतीचं काही आहे.

"हायच की," ती म्हणाली. "ताप हाय. वाडीत बारसं होतं. भर पावसात टेम्पो पुलावरून गेला, मंडपाचा. पोरगा म्हणाला, तुमी घरी थांबा. ऐकतील तर शप्पथ. मागं, खांबांवर बसून गेले, भिजत. जाताना बी अन् येताना बी. उगंच. काही काम न्हवतं."

"आता कसे आहेत?"

"पांघरुणात हायेत. मी बोलून राहिले, शिव्या घालून राहिले. ऐकतच न्हाईत." तिनं थोडं थांबून आत बघितलं असावं. मग तिचा आवाज बदलला. "हसून राहिलेत, बाई. मघापासून नुसते हसून राहिलेत."